हँडब्रेक सैल झालाय? नट नंतर, आधी चाक

मागच्या गणपतीत भाचा पुण्याहून गाडी घेऊन आला. आमचं घर चिपळूणहून गुहागरकडे जाणाऱ्या रस्त्याला, उतारावर. फाटकापासून ओटीपर्यंत जांभ्याची पाखाडी आणि तिला लागून गाडीसाठी काढलेली चढण. भाच्याने गाडी चढवली, हँडब्रेक ओढला. काच खाली होती, त्यामुळे ओटीवर बसून मला कट, म्हणजे लिव्हर वर येताना होणारे कट-कट आवाज, मोजता आले. अकरा. अकराव्या कटानंतरही गाडी वीतभर मागे आली आणि मग थांबली.

"मामा, दहाचा पाना आहे का? लिव्हरखालचा नट दोन फेरे आवळतो. पाच मिनिटांचं काम."

पाना होता. दिला नाही.

एसटीच्या डेपोत मी एकतीस वर्षं वर्कशॉपला होतो, त्यातली बरीचशी ब्रेकच्या कामावर. पण हा हट्ट डेपोतल्या शिकवणीचा नाही, माझ्याच चुकीचा आहे. निवृत्तीनंतर स्वतःच्या गाडीचा हँडब्रेक सैल वाटला म्हणून मीही असाच नट आवळला होता. लिव्हर तीन कटांवर घट्ट आली, मी खूश. चार दिवसांनी सौ.ला घेऊन कराडला निघालो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो तशी गाडी जड वाटायला लागली. मी म्हटलं, चढ आहे. सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, पुढच्या ट्रकचा वास असेल. हेळवाकला थांबून मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. ड्रमच्या आत लायनर सुटतच नव्हते, सगळा घाट मी ब्रेक लावून चढलो होतो. एकतीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट स्वतःच्या गाडीला लावायची राहिली. सौ. अजूनही वास आला की माझ्याकडे बघते.

तर मागे ड्रमब्रेक असलेल्या साध्या गाडीत हे काय चालतं ते आधी समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या अशाच आहेत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असतात, त्यांवर ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर चिकटवलेले असतात. पायाचा ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने व्हील सिलिंडर हे शू बाहेर ढकलतो. हँडब्रेक ओढला की केबल आतली एक छोटी लिव्हर खेचते आणि ती लिव्हर मधल्या पट्टीच्या आधाराने तेच शू बाहेर ढकलते. शू तेच, ड्रम तोच. फक्त ढकलणारा हात वेगळा.

आता लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला आत ऍडजस्टर असतो, दात्यांचा किंवा आट्यांचा. झीज झाली की तो एकेक दात पुढे सरकतो. पण तो सरकायला ती छोटी लिव्हर मोकळी असताना पूर्ण मागे, आपल्या जागेवर यावी लागते. तुम्ही लिव्हरखालचा नट आवळून केबल ताणून ठेवलीत तर लिव्हर अर्धवट ओढलेलीच राहते आणि ऍडजस्टर कामच करत नाही. पुढे लायनर झिजतात, तुम्ही पुन्हा नट आवळता, आणि एक दिवस नटाचे आटे संपतात. शिवाय सैलपणाचं खरं कारण आतच राहतं. ते झिजलेले लायनर असेल, तेल गळणारा सिलिंडर असेल, गंजलेला ऍडजस्टर असेल. नट आवळल्याने यातलं काहीच दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

गाडी सपाट जागेवर घ्या, इंजिन बंद करा, पुढच्या चाकांना उटी लावा. उटी म्हणजे लाकडी ठोकळा किंवा चांगला धरणारा दगड. जांभ्याचा चिरा चालतो, पण चाकाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा. मग लिव्हर नेहमीच्या जोराने ओढा. नेहमीचा जोर म्हणजे भरलेली कळशी उचलायला लागतो तेवढा, साधारण वीस किलोचा. दोन्ही हातांनी पाय रोवून ओढलात तर कोणताही हँडब्रेक चांगलाच वाटेल. कट मोजा. नेमका आकडा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतो आणि तोच खरा. माझा हिशेब विचाराल तर पाच ते सात कट झकास, नऊच्या पुढे गेला की चाक उघडायचं, आणि दोन-तीन कटांतच दगडासारखा झाला तर तेही वाईट, कुणीतरी आधी नट आवळून गेलंय असं समजा.

कट मोजून झाले की ब्रेकचा पायडल दाबून बघा. पायडलही पूर्वीपेक्षा खाली जातोय आणि दुसऱ्यांदा दाबला की वर येतोय, तर गडबड ड्रमच्या आत आहे. पायडल झकास आणि फक्त लिव्हर वर येतेय, तर केबल ताणली असण्याची शक्यता जास्त. तरीही चाक उघडून बघाच. डॉक्टर नाडी बघून थांबत नाही, जीभही बघतो.

मग उतार. रहदारी नसलेल्या सौम्य उतारावर गाडी उभी करा, पाय ब्रेकवरच ठेवा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि पाय हळूहळू उचला. सरकली तर लगेच दाबा. खाली माणसं, गुरं, दुसरी गाडी नको, हे वेगळं सांगायला नको. हँडब्रेक किती धरायला हवा याचा एक अंदाज सांगतो: गाड्यांच्या ब्रेकच्या आंतरराष्ट्रीय नियमांत भरलेली मोटार 20 टक्के चढावर धरून ठेवण्याची अट असते. म्हणजे 100 मीटर अंतरात 20 मीटर उंची. आपल्या हायवेच्या घाटात सहसा एवढा चढ लागत नाही. तेव्हा घराजवळच्या साध्या चढणीवर सरकणारी गाडी थोडी नाही, चांगलीच नापास आहे.

चाक उघडताना सर्वांत मोठा धोका हा, की या कामात हँडब्रेक सोडलेला असावा लागतो आणि गिअर न्यूट्रलमध्ये. म्हणजे गाडी फक्त पुढच्या उट्यांवर आहे. त्यामुळे जमीन सपाट आणि टणक हवी. माझ्या चढणीवर मी हे काम करत नाही, शेजारच्यांच्या खळ्यात जातो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग जॅक लावा, आणि जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली घोडी, म्हणजे गाडीचं वजन पेलणारा लोखंडी स्टँड, लावा. गाडीबरोबर मिळतो तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. डेपोत आम्ही घोडी नसेल तर खाली हातसुद्धा घालत नसू. घोडी नसेल तर हे काम घरी करू नका, इथपर्यंतचं वाचन फुकट गेलं असं समजा.

मागचं चाक वर आलं की हाताने फिरवा. मोकळं फिरायला हवं. लायनर किंचित घासल्याचा एकसारखा आवाज आला तर चालतं, पण चाक जागच्या जागी थांबत असेल तर ते धरतंय. दोन्ही बाजू बघा. एक मोकळी आणि एक धरलेली असेल तर बहुतेक त्या बाजूची केबल अडकली आहे किंवा आतली लिव्हर गंजली आहे.

ड्रम दोन प्रकारचे. एक, जो चाकाच्या बोल्टांवर नुसता बसवलेला असतो. गंजाने चिकटला असेल तर त्याला बहुधा आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलात की ड्रम आपोआप बाहेर येतो. दुसरा, ज्यात बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मध्ये एक मोठा नट असतो. हा दुसरा प्रकार घरी उघडू नका असं मी सांगेन. तो नट ठरलेल्या जोराने टॉर्क पान्यानेच आवळावा लागतो, बहुतेकदा नवा घालावा लागतो आणि चुकला तर बेअरिंग जातं. गॅरेजमध्ये न्या, पण समोर उभे राहा आणि पुढची यादी डोळ्यांसमोर ठेवा.

ड्रम निघत नसेल आणि आत कड तयार झाली असेल तर आधी केबलचा नट ढिला करा. हातोडीने ठोकायचंच झालं तर मध्ये लाकूड धरा, बिडाचा ड्रम तडकतो.

उघडल्यावर पहिला मोह म्हणजे तोंडाने फुंकर मारणे किंवा हवेचा पाइप लावणे. करू नका. ती काळी पूड लायनरची असते, जुन्या लायनरमध्ये ऍसबेस्टॉस असायचं आणि तुमच्या गाडीत आधीच्या माणसाने कसले घातलेत ते तुम्हाला ठाऊक नसतं. ब्रेक क्लीनर मारा, नाहीतर ओल्या फडक्याने पुसा. आमच्या पिढीने हवेने उडवली, आणि आमच्यातले काही जण म्हातारपणी खोकतात.

मग बघायचं ते असं. लायनर कुठे किती जाड आहेत: 1 मिलिमीटरच्या आसपास आले की संपले, मी दोनलाच बदलतो, आणि बदलायचे तर दोन्ही चाकांचे. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढ घेते. लायनरवर तेलाचा डाग आहे का. व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. तेल प्यालेला लायनर घासून, धुऊन, उन्हात वाळवून कामाला येत नाही, कुणी काहीही सांगितलं तरी. ड्रमची आतली बाजू बोटाने चाचपा, खोल चर असतील तर टर्नरकडे पाठवण्याआधी ड्रमवर कोरलेला जास्तीत जास्त व्यासाचा आकडा वाचा. तेवढं कापायला शिल्लक नसेल तर नवा ड्रम. लायनरवर नुसती चकाकी आली असेल तर एमरी पेपर फिरवा.

मागची पत्र्याची बॅकप्लेट, तिच्यावर शू टेकतात ते छोटे उंचवटे असतात. तिथे गंज चढला की शू अडकत सरकतात. ते घासून त्यावर ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस लावायचं. किती? काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढं. ग्रीस लावताना आपला हात सैल सुटतो आणि तेच ग्रीस वितळून लायनरवर जातं. ऍडजस्टरचे आटे साफ करून तिथेही एक ठिपका. आतली हँडब्रेकची लिव्हर हाताने पुढेमागे करा, सोडल्यावर पूर्ण मागे येते की नाही ते बघा.

आणि केबल. आमच्या कोकणात निम्म्या तक्रारी इथल्या. केबलचं बाहेरचं आवरण फाटलं की पाणी आत जातं, तारा गंजतात, केबल ओढली जाते पण परत येत नाही. आवरणाला भेगा, तोंडाशी गंजाची लाल रेघ, तुटलेली एखादी तार: यातलं काही दिसलं की केबल बदला. वरून तेल मारून चार दिवस चालते, पाचव्या दिवशी चाक धरते. दोन्ही बाजूंच्या केबल जोडीनेच बदलाव्यात, कारण एक नवी आणि एक ताणलेली असली की मधला आडवा तुकडा, जो दोन्हीकडे ओढ सारखी वाटतो, तो तिरका होतो.

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा धाकट्या भावाची गाडी बाजारपेठेत दोन दिवस बुडून होती. इंजिनाचं, सीटचं, वायरिंगचं सगळ्यांनी बघितलं. ड्रम कुणी उघडले नाहीत. मी ऑगस्टात उघडले तर आत चिखलाची पोळी बसली होती, वाळलेली, बोटभर. केबलमधून पाणी निथळलं. पुराच्या पाण्यात गेलेली गाडी घेत असाल किंवा दुरुस्त करत असाल तर मागचे ड्रम उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळं परत बसवलं की आता, शेवटी, तो नट. पण त्याआधी हँडब्रेक पूर्ण खाली ठेवून पायाचा ब्रेक पाच-सहा वेळा व्यवस्थित दाबा आणि सोडा, म्हणजे व्हील सिलिंडर आणि शू आपापल्या जागी बसतात. काही गाड्यांत ऍडजस्टर हँडब्रेक ओढला की सरकतो, म्हणून लिव्हरही चार-पाच वेळा ओढा आणि सोडा. अनेकदा एवढ्यानेच कट अकरावरून सातवर येतात आणि नटाला हात लावावाच लागत नाही.

लावावा लागलाच तर तो बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या बुडाशी, प्लास्टिकच्या कव्हराखाली असतो. कव्हराचे स्क्रू शोधताना घाई केलीत तर खिटी तुटते आणि मग ते कव्हर आयुष्यभर खडखडतं. नट साधारण दहाचा, त्याला लांब बॉक्स पाना लागतो. अर्धा फेरा आवळा, लिव्हर दोनदा ओढून सोडा, चाकं फिरवून बघा. पुन्हा अर्धा फेरा. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत. ही पहिली अट, यात तडजोड नाही. पहिल्या कटावरही ती फिरावीत. तिसऱ्या-चौथ्याला अडायला लागावीत आणि सहाव्या-सातव्याला दोन्ही अंगांनी हलू नयेत. एक चाक पाचव्याला अडलं आणि दुसरं आठव्याला, तर नट आवळू नका, आधी दुसऱ्या बाजूची केबल बघा.

डॅशबोर्डवरचा लाल दिवाही तपासा. पहिल्या कटाला लागायला हवा आणि लिव्हर खाली आली की विझायला हवा. लिव्हर खाली असूनही तो लागत असेल तर स्विच चुकलाय असं गृहीत धरू नका. ब्रेक ऑइल कमी झालं की बऱ्याच गाड्यांत हाच दिवा लागतो.

चाकं बसवा, नट तिरपे तिरपे, समोरासमोरचे आवळा, मग पाच-सात किलोमीटर फिरून या. थांबल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू न्या, स्पर्श न करता. एक कोमट आणि एक भट्टी असेल तर परत खळ्यात. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. हेळवाकला माझ्या हातात बाटली होती आणि मोह झाला होता.

रोजच्या सवयींबद्दल थोडं. गाडी थांबवा, पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढा, पाय उचलून गाडीला हँडब्रेकवर बसू द्या, आणि मग गिअर टाका. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर तोंड असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक असेल तर हँडब्रेकनंतर पी. उलट केलंत तर सगळा भार गिअरबॉक्सवर येतो. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 126 हेच सांगतं: चालक सीटवर नसेल तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप सुटणार नाही असा दुसरा बंदोबस्त हवा. काही जण नुसत्या गिअरवर गाडी लावतात आणि हँडब्रेकला वर्षभर हात लावत नाहीत. त्यांचीच केबल सर्वांत आधी जाम होते.

पण पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर उलटं. तेव्हा सपाट जागा, गिअर, चारही बाजूंनी उट्या, आणि हँडब्रेक खाली. आमच्या दमट हवेत ओले लायनर ड्रमला गंजाने अक्षरशः चिकटतात. गणपतीला आलेले मुंबईकर निघताना गाडी हलत नाही म्हणून हाका मारतात. अशा वेळी जोरात ऍक्सिलरेटर देऊ नका, लायनर शूपासून उपटून येतो. लिव्हर दोन-चार वेळा ओढून सोडा, गाडी हळूच पुढे, हळूच मागे करा. बहुतेकदा एक "टक" असा आवाज येतो आणि सुटते. नाही सुटली तर ड्रमवर लाकूड ठेवून टोले. पाण्यातून गाडी नेली असेल तर घरी पोचायच्या आधी पायडल हलका दाबत थोडं चालवा, ड्रम सुकतात.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. काहींत डिस्कच्या आत छोटा ड्रम असतो, काहींत केबल थेट कॅलिपरला, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पकडणाऱ्या भागाला. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकला मात्र पाना लावू नका. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय कॅलिपरचा पिस्टन दाबलात तर मोटर मोडते. हे काम माझ्याकडेही आणू नका, माझ्याकडे स्कॅनर नाही. हवेच्या ब्रेकच्या नव्या बसमध्ये सगळं आणखी उलटं असतं: पार्किंगला ब्रेक धरते ती जाड स्प्रिंग, आणि हवा ती स्प्रिंग दाबून ब्रेक सोडते. हवा गेली की बस जागीच थांबते. मला ती पद्धत मोटारीपेक्षा जास्त आवडते.

भाच्याच्या गाडीचं सांगायचं राहिलं. डावीकडचे लायनर ठीक होते, नुसता ऍडजस्टर गंजलेला. उजवीकडे टोपी उचलली तर सिलिंडर गळत होता आणि लायनर तेलाने भिजलेले. गौरींच्या दिवशी पार्टचं दुकान बंद. त्याला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून रात्रीच्या एसटीने पाठवला. गाडी मी चार दिवसांनी तयार केली, सहा कटांवर. ग्लव्हबॉक्सच्या झाकणाला आतून कागदाची चिकटपट्टी लावली आणि त्यावर तारीख, किलोमीटर आणि कटांचा आकडा लिहिला. पुढच्या वेळी आला की त्याच्या आधी मी पट्टी वाचणार आहे.